नंदकाचं काय झालं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी मोघमपणे "मैत्री" असं सांगून टाकलं होतं. पत्रिकेवर तेच छापलं गेलं. पण मैत्रीवर बोलायचं म्हणजे सुविचार सांगायचे, आणि ते तुम्हाला रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट मिळतातच. म्हणून मी आज एक गोष्ट सांगणार आहे. चित्रांची गोष्ट. तुम्ही सगळ्यांनी ती लहानपणी वाचलेली आहे. फक्त तिच्यातलं एक पात्र आपण सगळेच विसरतो. त्या पात्राची आठवण मला माझ्या एका मित्राने करून दिली, आणि त्यासाठी मला आधी माझ्या गावाला जावं लागेल.

माझं गाव निंबर्गा. तालुका आळंद, जिल्हा तेव्हाचा गुलबर्गा, आताचा कलबुर्गी. काळी जमीन, तूर आणि ज्वारी. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि बाजारात दोन्हींमध्ये थोडी दखनी उर्दू कालवलेली. मोठी माणसं गाणगापूरला जायची तशीच अक्कलकोटला जायची, आणि आळंदच्या लाडले मशायखांच्या दर्ग्यातही नारळ-फुलं घेऊन जायची. यातलं कुठलं ठिकाण कोणत्या राज्यात आहे हा प्रश्न माझ्या आजीला कधी पडला नाही.

तो प्रश्न दुसऱ्यांना पडला होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात, आणि गुलबर्गा, रायचूर, बिदर म्हैसूर राज्यात. बिदर जिल्ह्याची तर वाटणीच झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे. बिदर, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे. त्या वेळी मी तीन वर्षांचा होतो. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की शाळेत घातलं तेव्हा पाटीवर गिरवायला कानडी अक्षरं होती, आणि संध्याकाळी वडील घरी मराठी मुळाक्षरं गिरवून घेत.

शाळेत माझ्या शेजारी जो मुलगा बसला, तो सात वर्षं तिथेच बसला. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो अजून गावात आहे, आणि आपलं नाव कुणा मंडळाच्या स्मरणिकेत छापून यावं असं त्याला वाटणार नाही. त्याच्या घरी दोन बैल, थोडी शेती, आणि त्याची आई, जिला मी त्याच्यासारखंच "अव्वा" म्हणायचो. ती मला "तम्मा" म्हणायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.

सोलापूरचे मामा मला "चांदोबा" पाठवायचे. आता पन्नाशीच्या पुढे असलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय मला! बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून 1947 च्या जुलैत हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलं. 1949 मध्ये ते कानडीत आलं, 1952 मध्ये मराठीत. तेलुगू-कानडीत "चंदमामा", मराठीत "चांदोबा". गंमत अशी की भाषा वेगळ्या, पण चित्रं तीच. झाडाच्या फांदीवरून प्रेत काढून खांद्यावर टाकलेला, हातात तलवार घेतलेला विक्रमराजा आठवतो ना? शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र. 2020 मध्ये ते गेले, तेव्हा देशभरातल्या किती भाषांतल्या आजोबांना वाईट वाटलं असेल!

माझ्या मित्राच्या घरी कानडी अंक यायचा. आम्ही त्यांच्या ओट्यावर दोन्ही अंक शेजारी शेजारी उघडून ठेवायचो. इकडे विक्रम, तिकडे विक्रम. खांद्यावर तोच वेताळ. खाली माझ्या पानावर देवनागरी, त्याच्या पानावर कानडी. मी एक ओळ वाचायची, त्याने एक ओळ वाचायची. शाळेतल्या पुस्तकाने मला जेवढं कानडी शिकवलं त्याहून जास्त त्या ओट्याने शिकवलं, आणि त्याला तर सगळं मराठी त्या ओट्यानेच दिलं.

त्याच्याकडे आणखी एक पुस्तक होतं. चित्रांचं पंचतंत्र, कानडीतलं. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, शिवण सुटत आलेली, त्यामुळे ते कुणी छापलं आणि चित्रं कुणी काढली ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्यातली पहिली गोष्ट सिंह आणि बैलाची. दोन मित्रांच्या ताटातुटीची.

मुलांसाठी थोडक्यात सांगतो. वर्धमान नावाचा एक व्यापारी गाडीत माल भरून दक्षिणेतल्या महिलारोप्य नगरातून मथुरेला निघाला. वाटेत यमुनेच्या काठी गाडीचा एक बैल दलदलीत रुतला आणि त्याचा पाय मोडला. त्याचं नाव संजीवक. व्यापारी तीन रात्री थांबला. मग बरोबरचे लोक म्हणाले, शेठ, हे सिंह-वाघांचं रान आहे, एका बैलासाठी सगळा तांडा धोक्यात कशाला घालायचा? व्यापाऱ्याने राखणीला माणसं ठेवली आणि तो पुढे गेला. राखणदार रानाला घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी पळून येऊन मालकाला खोटं सांगितलं, की बैल मेला.

बैल मेला नव्हता. नदीकाठचं हिरवंगार गवत खाऊन तो धडधाकट झाला आणि एक दिवस मोठ्याने डुरकला. तो आवाज ऐकून त्या रानाचा राजा पिंगलक सिंह घाबरला. त्याच्या दरबारातून बाजूला पडलेले दोन कोल्हे होते, करटक आणि दमनक. दमनकाने मध्यस्थी करून बैलाला सिंहासमोर आणलं. दोघांची अशी मैत्री जमली की सिंह शिकार विसरला. राजाच्या उष्ट्यावर जगणारे उपाशी राहू लागले. मग त्याच दमनकाने मैत्री तोडायचं ठरवलं. सिंहाला जाऊन सांगितलं, बैल तुमच्या राज्यावर टपलाय, तो शिंगं रोखून आला तर समजा. बैलाला जाऊन सांगितलं, सिंह तुला खाणार आहे, तो डोळे लाल करून बसलेला दिसला तर समज. दोघे भेटले. दोघेही घाबरलेले. घाबरलेला बैल शिंगं रोखणारच, आणि घाबरलेला सिंह डोळे वटारणारच. दोघांना खूण पटली. झुंज झाली, बैल मेला, सिंह रडला, आणि दमनक मंत्री झाला.

हा पंचतंत्राचा पहिला भाग. त्याचं नावच "मित्रभेद". पाच भागांत सगळ्यात मोठा हाच, आणि मित्र मिळवण्याचा "मित्रसंप्राप्ती" हा भाग त्याच्यानंतर येतो. पुढे पंचतंत्रावरूनच "हितोपदेश" झाला, त्यात नारायण पंडिताने हा क्रम उलटा केला : आधी मित्रलाभ, मग सुहृद्भेद. मला मात्र पंचतंत्राचा क्रम जास्त खरा वाटतो. काय हातात होतं हे माणसाला ते गेल्यावरच कळतं.

या गोष्टीने केवढा प्रवास केला पाहा. सहाव्या शतकात इराणच्या बादशहाच्या दरबारातल्या बुर्झोय नावाच्या वैद्याने ती पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने तिथून ती अरबीत आणली. अरबी पुस्तकाचं नाव "कलीला व दिमना". म्हणजे कोण? आपले करटक आणि दमनक! मैत्री होती सिंह आणि बैलाची, पण जगभर पुस्तक ओळखलं गेलं ते कोल्ह्यांच्या नावाने. अरबीत दिमनावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारं एक वेगळं प्रकरणही आहे, जे संस्कृतात नाही. कोल्हा सहीसलामत सुटतो हे वाचकांना सोसवलं नसणार. आणि ही गोष्ट पहिल्यापासून चित्रांची. मुकफ्फाने प्रस्तावनेतच सांगितलंय, की प्राण्यांची रंगीत चित्रं पाहून राजांचं मन रमावं हाही या पुस्तकाचा एक हेतू आहे. अकबराच्या काळात तिच्या फारसी रूपाच्या सुंदर सचित्र प्रती झाल्या. त्यातली 1570 ची एक प्रत आज लंडनमध्ये आहे.

पण एवढ्या लांब जायची गरजच नाही. कल्याणी चालुक्यांची कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण, आपल्या बिदर जिल्ह्यात. त्या घराण्यातल्या दुसऱ्या जयसिंहाच्या पदरी दुर्गसिंह नावाचा अधिकारी होता. त्याने इ. स. 1031 च्या सुमारास पंचतंत्र कानडीत लिहिलं. त्याचं दरबारातलं पद काय होतं, माहीत आहे? संधिविग्रही. म्हणजे तह आणि युद्ध ही दोन्ही खाती त्याच्याकडे. मित्र कसे तुटतात आणि शत्रू कसे जोडले जातात, हे ज्याचं रोजचं काम, त्याला हीच गोष्ट लिहावीशी वाटली. ज्या ओट्यावर बसून आम्ही ती वाचत होतो तो ओटा त्याच मुलखातला. त्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी सुरुवातीला म्हणालो ते पात्र. त्या पुस्तकात एक चित्र होतं. चिखलात बसलेला संजीवक, आणि लांब वळणावर निघून चाललेली गाडी. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. माझा मित्र त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "गाडीला बैल दोन होते की. दुसऱ्याचं काय झालं?"

मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच दोन होते. संजीवक आणि नंदक. नंदकाचं नाव सुरुवातीला एकदा येतं आणि संपतं. तो मथुरेला पोचला का, त्याच्या जोडीला मग कोण जुंपला, काहीच नाही. मी म्हणालो, गोष्ट त्याची नाहीच आहे. माझा मित्र शेतकऱ्याचा मुलगा होता. तो म्हणाला, "जोडीचा गेला की राहिलेला चार दिवस नीट वैरण खात नाही. आणि डावीकडे चालायची सवय असलेला बैल उजवीकडे जुंपला तर ओढत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला बैल ठाऊक नाहीत."

आम्ही दोघे खूप हसलो, आणि विष्णुशर्म्याला नापास करून टाकलं.

जून 1966 मध्ये मी पुण्याला शिकायला निघालो. एस.टी. सुटायच्या आधी तो धावत आला आणि ते पंचतंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाला, दिवाळीला परत आण. मी हो म्हणालो.

इथून पुढचं मी आजवर कुठल्या व्यासपीठावर बोललेलो नाही. पण आपण सगळे अशाच गावांतून आलोय, म्हणून सांगतो.

पुण्यात मी वसतिगृहात राहत होतो. त्याची दोन पोस्टकार्डं आली, दोन्ही कानडीत. तो काळ आठवा. 1966 च्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला, ऑगस्ट 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव कुणाचं, निपाणी कुणाची, आणि अक्कलकोटचा भागसुद्धा म्हैसूरला द्यावा की काय! दोन्हीकडे सभा, मोर्चे, घोषणा. वसतिगृहातली मुलं तापलेली. त्यात पोस्टकार्ड म्हणजे उघडंच पत्र, दहा हातांतून फिरत माझ्यापर्यंत यायचं. "ही जिलब्यांची अक्षरं कुणाची रे? तू कानडी का?" सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "गावाकडचा कुणीतरी आहे."

कुणीतरी!

पहिल्या कार्डात त्याने विचारलं होतं, की नीट पोचलास का, आणि तिकडे बैलगाड्या असतात का. दुसऱ्यात विचारलं होतं, की दिवाळीला येणार ना, धाकटीला पुस्तक हवंय. मी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. त्याच वर्षी वडिलांनी जमीन कसायला दिली आणि घर सोलापूरला हलवलं. दिवाळी सोलापुरात झाली. मग पुढच्या दिवाळ्याही. मग नोकरी, लग्न, मुलं, घराचे हप्ते. पुस्तक मात्र प्रत्येक घर बदलताना माझ्याबरोबर आलं.

पुढे कित्येक वर्षं मी ही हकिकत वेगळ्या तऱ्हेने सांगत आलो. गप्पा निघाल्या की म्हणायचो, "आमचं बालपण सीमाप्रश्नाने खाल्लं. राज्यांनी मित्र तोडले." ऐकणारे हळहळायचे. मलाही ते बोलायला बरं वाटायचं. मित्रभेदात दमनक असतो, तसा माझ्याही गोष्टीत एक दमनक मी उभा केला होता. कधी सरकार, कधी पुढारी, कधी भाषा.

निवृत्त झाल्यावर एकदा नातवाला ते पुस्तक दाखवत होतो. चिखलातला संजीवक आणि लांब गेलेली गाडी. आणि अचानक लक्षात आलं, की या गोष्टीत ताटातुटी दोन आहेत. सिंह-बैलाची ताटातूट सगळ्या जगाला पाठ आहे, कारण तिच्यात कोल्हा आहे. पण तिच्याआधी एक ताटातूट होऊन गेलेली असते, एका जुवाखाली चाललेल्या दोन बैलांची. तिच्यात कोल्हा नाही. भांडण नाही, चहाडी नाही. रस्ता मथुरेला जातो, गाडी थांबू शकत नाही, आणि कुणीतरी येऊन सांगतं की मागे राहिलेला आता नाही. ऐकणाराही खात्री करून घेत नाही, कारण मागे वळून बघण्यापेक्षा ते सोपं असतं.

सीमाप्रश्न खोटा होता असं मी म्हणत नाही. त्याची झळ ज्यांना लागली त्यांना ती खरोखर लागली, दोन्हीकडे. शाळा गेल्या, नोकऱ्यांच्या वाटा बदलल्या. पण माझ्या मित्राच्या आणि माझ्यामध्ये कुणी सरकार येऊन बसलं नव्हतं. आमच्यामध्ये दोन पोस्टकार्डं होती, आणि मी हसलो होतो. "गावाकडचा कुणीतरी आहे" हे वाक्य दमनक नाही बोलला. ते मी बोललो.

विक्रम-वेताळाच्या गोष्टीत राजाने मौन मोडलं की वेताळ खांद्यावरून निसटतो. मैत्रीचं उलटं आहे. मौन धरलं की ती निसटते.

तीन वर्षांपूर्वी मी निंबर्ग्याला गेलो. मुद्दाम येळवसेचा दिवस धरला. लातूर-धाराशिवकडच्या मंडळींना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावास्या. कानडीत एळ्ळ अमावास्या. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, आणि भज्जी, अंबिल, उंडे, तिळाच्या पोळ्या घेऊन सगळं गाव शेतात जेवायला. लातूरकडे शिवारात अंबिल शिंपताना जी आरोळी देतात, तिचे शब्द मुळात कानडीतून आलेले. त्या दिवशी शेतातून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मी तोच दिवस निवडला, कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वाटलं, येळवसेला तरी तो मला बांधावरून परत पाठवणार नाही.

शेत मला सापडलं. कोपीपाशी पंधरा-वीस माणसं होती. एक पांढऱ्या मिशांचा माणूस उठून बांधापर्यंत आला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ऊटा आतेनु?" जेवण झालं का?

एवढंच. छपन्न वर्षांनंतरचा पहिला प्रश्न.

मी नाही म्हणालो. आमच्यासमोर केळीची पानं मांडली. त्याचा थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा बंगळुरूला असतो. अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली. मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. त्याने हात धोतराला पुसले, पुस्तक घेतलं, आणि ते चित्र बरोबर उघडलं. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. चुकलं, मी यायला हवं होतं, तू इथे एकटा राहिलास, असं काहीबाही.

तो हसायला लागला. म्हणाला, "म्हणजे मी चिखलात रुतून बसलोय असं तुला इतकी वर्षं वाटत होतं की काय? अरे, संजीवक गवत खाऊन चांगला गलेलठ्ठ झाला होता, विसरलास का?" आणि हात फिरवून शेत दाखवलं. तूर कमरेच्या वर गेली होती.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. किती वर्षं मी त्याची कीव करत होतो! मागे राहिलेल्याची कीव करणं ही गेलेल्यांची एक खोडच आहे. आपण शहरात आलो, आपलं बरं झालं, बिचारे ते तिथेच राहिले. त्यांचं तिथे काय चांगलं चाललंय हे विचारायलासुद्धा आपण गेलेलो नसतो.

मी त्याला विचारलं, "आणि नंदकाचं काय झालं?"

तो म्हणाला, "काय होणार? गाडी ओढत राहिला. त्याला थांबायला कुणी दिलं?"

त्याने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. पण भज्जी वाढताना, भांड्यात बघतच तो एक वाक्य बोलला. "दोन कार्डं टाकली. तिसरं लिहिलं होतं. ते टाकलं नाही."

त्यावर मी काय बोलणार? पानात वाढलेलं खाल्लं.

मग त्याची नात पुस्तक घेऊन बसली. ती इंग्रजी शाळेत जाते, कानडी अडखळत वाचते. ती जिथे अडायची तिथे मी पुढचा शब्द सांगत होतो. साठीच्या दशकातलं माझं कानडी कुठून वर आलं कोण जाणे. आम्ही दोघे म्हातारे तिच्या दोन बाजूंना बसून, एकाने एक ओळ, दुसऱ्याने एक ओळ. संध्याकाळी निघताना पुस्तक मी तिथेच ठेवलं. ते त्याचंच होतं.

आता आम्ही महिन्यातून एकदा फोनवर बोलतो. तो पावसाचं सांगतो, मी गुडघ्याचं सांगतो. सात वर्षांची ती मैत्री परत मिळाली असं म्हणणं खोटं ठरेल. त्याच्या बहिणीचं लग्न, अव्वाचं आजारपण, माझे वडील गेले तो दिवस, हे सगळं एकमेकांशिवाय होऊन गेलं. ते आता भरून येणार नाही. जे राहिलंय ते थोडं आहे, पण खरं आहे.

मंडळी, या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घराण्यात कुणी ना कुणी गाडीबरोबर पुढे निघून आलेला आहे. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील, कुणी स्वतः. आपण मंडळ काढलं, गणपती बसवला, मुलांना आरत्या शिकवल्या. हे सगळं चांगलंच केलं. पण प्रत्येकाच्या मागे एखादा संजीवक राहिलेला आहे. त्याची भाषा कदाचित कानडी असेल, तेलुगू असेल, दखनी असेल किंवा आपलीच मराठी असेल. त्याच्याशी भांडण झालेलंच नसतं. म्हणून समेटही होत नाही. भांडण असतं तर मिटवायला कुणीतरी मध्ये पडलं असतं. नुसतं न बोलणं मिटवायला कुणी येत नाही, ते आपल्यालाच मिटवावं लागतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत अजून काही दिवस आहेत. त्याआधी एक फोन करा. ज्याचं शेवटचं पत्र तुमच्याकडे आहे आणि ज्याला तुम्ही उत्तर दिलेलं नाही, त्याला. नंबर नसेल तर गावातल्या कुणाला तरी विचारून मिळतो. मला किराणा दुकानातून मिळाला. काय बोलायचं याची काळजी करू नका. "जेवलास का?" एवढं पुरतं.

निरोप कसा घ्यावा हे आपल्याला दरवर्षी हा बाप्पाच शिकवतो. दहा दिवस घरात राहतो, लळा लावतो, आणि पाण्यात सोडताना आपण रडत बसत नाही. आपण ओरडून सांगतो, पुढच्या वर्षी लवकर या. जाणाऱ्याला परत यायचं आमंत्रण देऊनच आपण हात सोडतो. मी एस.टी.त बसताना माझ्या मित्राने तेच केलं होतं. दिवाळीला आण, म्हणाला होता. मी उशिरा गेलो. तुम्ही एवढा उशीर करू नका.

गणपती बाप्पा मोरया!